गोळी लागल्यानंतरचा हिशेब

ऑगस्ट २०१४ मध्ये जेम्स ब्रेडी नावाचे अमेरिकन गृहस्थ वयाच्या ७३ व्या वर्षी वारले. एके काळी ते अध्यक्ष रेगन यांचे वृत्तसचिव होते. प्रकृती अनेक वर्षे खालावलेली होती. तेव्हा तसे पाहता बातमी चार ओळींची. परंतु व्हर्जिनिया राज्याच्या वैद्यकीय परीक्षकाने शवचिकित्सेनंतर जो निष्कर्ष दिला, त्यात हा मृत्यू म्हणजे मनुष्यवध होय, असे म्हटले होते. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलाबाहेर रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा एक गोळी ब्रेडी यांच्या मस्तकात शिरली होती. त्या दिवशी दूरचित्रवाणीवरून त्यांच्या मृत्यूची बातमी चुकीने प्रसृतही झाली. प्रत्यक्षात ते वाचले, अर्धांग लुळे पडलेल्या अवस्थेत चाकांच्या खुर्चीतून वावरले आणि त्याच गोळीने ३३ वर्षांनंतर गेले. हल्लेखोराला वेडसरपणाच्या कारणावरून न्यायालयाने १९८२ मध्येच निर्दोष ठरविले होते; त्यामुळे पुन्हा खटला भरता येत नाही, असे सरकारी वकिलांनी पुढे जाहीर केले आणि ते प्रकरण मिटले.

कायद्याच्या दृष्टीने ते मिटलेही असेल. अर्थशास्त्राच्या अभ्यासकापुढे मात्र प्रश्न उरतो, की मधल्या ३३ वर्षांचा जमाखर्च कोणत्या वहीत मांडायचा? आपल्याकडे एखादा माणूस मरणाच्या दारातून परत आला, की 'वाचला' असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण तर आपल्या तोंडात बसलेलीच आहे. शिर सलामत राहिल्यावर पगडी आपोआप येते, तिला पैसे पडत नाहीत, असे ती म्हण गृहीत धरते. बंदुकीच्या गोळीतून वाचलेल्या माणसाची गोष्ट या सुस्काऱ्याच्या पुढे सुरू होते आणि तेथून पुढे तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८ हजार ८०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे हा आकडा काहीसा उतरला. २०२३ मध्ये तो ४६ हजार ७०० च्या आसपास होता. वृत्तपत्रांतून आपण ज्या शाळांतील व बाजारांतील हत्याकांडांच्या बातम्या वाचतो, त्यांचा या संख्येतील वाटा अगदी लहान आहे. निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात आणि त्यांविषयी घरचे लोकही चारचौघांत बोलत नाहीत. हे झाले मृतांचे. मृत्यूला दाखला लागतो, म्हणून त्याची गणती होते. जखमेला तसा दाखला नाही. गोळी लागून वाचणाऱ्यांची संख्या मरणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास असावी, असे अभ्यासक मानतात. पण हा अंदाज रुग्णालयांच्या नमुन्यांवरून बांधलेला. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र, जेथे डुकरांची आणि मक्याच्या पिकाची खानेसुमारी नेमाने होते, तेथे ही नोंद अदमासावर चालावी, ही गोष्ट योगायोगाची नाही. ती कशी घडवून आणली गेली, ते पुढे पाहू.

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहिले पाहिजे. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातील संशोधकांनी २०२२ मध्ये विम्याच्या कागदपत्रांवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. गोळी लागून वाचलेल्या माणसांची तुलना त्यांनी तशाच वयाच्या व परिस्थितीच्या पण गोळी न लागलेल्या माणसांशी केली. वाचलेल्यांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण ५१ टक्क्यांनी आणि व्यसनाधीनतेचे ८५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. औषधोपचारावरचा खर्च पहिल्या वर्षात कितीतरी पटींनी वाढला. त्याहून लक्षात राहण्याजोगी गोष्ट अशी, की ज्यांना गोळीचा स्पर्शही झाला नाही त्या कुटुंबीयांमध्येही मानसिक विकार १२ टक्क्यांनी वाढले होते. आई रात्री झोपत नाही, भाऊ शाळेत जायचे टाळतो, पत्नी नोकरी सोडून शुश्रूषेला बसते. ही सारी त्या एका गोळीची देणी आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. हा अभ्यास विमा असलेल्यांचा आहे. ज्यांच्याजवळ विमाच नाही, ते या कागदांत आलेलेच नाहीत. आणि गोळी लागणाऱ्यांमध्ये असे लोक थोडे नाहीत.

एव्हरीटाउन या बंदूक-नियंत्रणवादी संस्थेने बंदुकीच्या हिंसेची एकूण वार्षिक किंमत ५५७ अब्ज डॉलर काढली आहे. अशा अवाढव्य आकड्यांविषयी प्रस्तुत लेखकाला थोडी शंका वाटते. त्यातला फार मोठा भाग वेदनेला आणि आयुष्याच्या घसरलेल्या प्रतीला लावलेल्या पैशांतील किमतीचा आहे, आणि वेदनेचा भाव ठरवणारा बाजार कोठेही भरत नाही. एखाद्या संस्थेने आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ मोठा आकडा निवडावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु आकडा निम्मा केला, चौथाई केला, तरी प्रश्न तोच राहतो: हे पैसे कोण भरतो? बंदूक बनविणारा भरत नाही. २००५ च्या एका संघीय कायद्याने त्याला बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले आहे. विकणारा भरत नाही. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो, की कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो, तेव्हा मालाची खरी किंमत गिऱ्हाइकाऐवजी शेजारी चुकवत असतो. येथे तो शेजारी म्हणजे रुग्णालयातील खाटेवर पडलेला मनुष्य होय.

आता नोंदींचा प्रश्न. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र बंदुकीच्या जखमांवरील संशोधनास पैसा देत असे. घरात बंदूक असल्याने घरच्यांचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो, असे निष्कर्ष निघू लागले. बंदूकधारकांच्या संघटनेला ते रुचले नाहीत. १९९६ मध्ये काँग्रेसमधील जे डिकी या प्रतिनिधीच्या पुढाकाराने अंदाजपत्रकात एक कलम घुसडण्यात आले, की या केंद्राचा पैसा बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर स्पष्ट बंदी त्यात नव्हती. पण त्याच वेळी केंद्राच्या तरतुदीतून २६ लाख डॉलर कापले गेले, आणि आदल्या वर्षी बंदूक-जखमांच्या संशोधनावर खर्च झालेली रक्कम नेमकी तेवढीच होती. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या वाचकांना या कपातीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. अधिकाऱ्यांनी तो विषयच सोडून दिला. दोन तपांनंतर, २०२० या आर्थिक वर्षासाठी, या संशोधनाला पुन्हा अडीच कोटी डॉलर मिळाले. तोपर्यंत खुद्द डिकी यांनीच २०१२ मध्ये एका माजी प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञाबरोबर लेख लिहून, हे संशोधन व्हायला हवे, असे जाहीरपणे म्हटले होते.

या दोन तपांत पुरावा म्हणून काय उरले? जखमी माणसे आणि मृतांचे आप्त. जेथे आकड्यांची तोंडे बंद केली होती, तेथे या लोकांना स्वतः उभे राहून बोलावे लागले. अमेरिकेतील या चळवळीत व्यक्तिगत साक्षीला जे विलक्षण महत्त्व आले, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

ब्रेडी यांच्या पत्नी सारा या रिपब्लिकन पक्षाच्या घरातल्या, सनातनी विचारांच्या. त्यांच्या लहान मुलाने ओळखीच्या कोणाच्या गाडीत पडलेले भरलेले पिस्तूल खेळणे समजून हातात घेतले, तेव्हा त्या हादरल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास या चळवळीत उतरल्या. पिस्तूल विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जावी, एवढीच त्यांची मागणी होती. विधेयक प्रथम १९८७ मध्ये मांडले गेले. १९९१ मध्ये रेगन यांनी स्वतः त्याला जाहीर पाठिंबा दिला. अध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही झाली ती ३० नोव्हेंबर १९९३ रोजी, ब्रेडी शेजारी चाकांच्या खुर्चीत असताना. गोळी आणि सही यांत साडेबारा वर्षे गेली.

गॅब्रिएल गिफर्ड्स यांची कथा याहून विदारक आहे. ॲरिझोना राज्यातून निवडून आलेल्या या तरुण प्रतिनिधीला ८ जानेवारी २०११ रोजी टक्सन शहरात, दुकानासमोर मतदारांच्या भेटी घेत असताना, एकाने मस्तकात गोळी घातली. त्या दिवशी सहा जण ठार झाले. गिफर्ड्स वाचल्या, पण मेंदूचा वाचेचा भाग जायबंदी झाला. मनात विचार आहे, अर्थ स्पष्ट आहे आणि शब्द सापडत नाही, अशी ही व्याधी. बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या बाबतीत हे घडले. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला. वर्षभराने सिनेटच्या समितीपुढे त्या आल्या आणि हाताने लिहिलेल्या कागदावरून एकेक शब्द वेचीत जेमतेम मिनिटभर बोलल्या. त्या मिनिटात कोणतीही आकडेवारी नव्हती. तरीही त्या दिवसाच्या कामकाजातले दुसरे काही आज कोणाच्या स्मरणात नाही.

आणि तरीही विधेयक पडले. न्यूटाउन येथील शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० बालके व ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेल्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी अधिक व्यापक करण्याचा हा प्रस्ताव होता. १७ एप्रिल २०१३ रोजी त्याच्या बाजूने ५४ मते पडली. हवी होती ६०. निकाल जाहीर होताच प्रेक्षक-कक्षातून 'लाज वाटू द्या' असा ओरडा झाला. ओरडणाऱ्यांत एक वयस्क बाई होत्या. टक्सनला हल्लेखोर बंदुकीत पुन्हा गोळ्या भरू पाहत असता त्याच्या हातचे काडतुसांचे खोके याच बाईंनी हिसकावून घेतले होते. त्यांना कक्षाबाहेर काढण्यात आले.

आवाजाने काहीच साधत नाही, असे यावरून कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. फ्लोरिडा हे बंदूकप्रेमी राज्य. तेथील पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण ठार आणि १७ जखमी झाले. वाचलेली मुले दुसऱ्या दिवसापासून बोलू लागली, राज्याच्या राजधानीत जाऊन धडकली, आणि ९ मार्च रोजी, म्हणजे महिना भरण्याच्या आत, रिपब्लिकन राज्यपालाने कायद्यावर सही केली. बंदूक खरेदीचे वय २१ झाले, तीन दिवसांची प्रतीक्षा आली, आणि ज्याच्यापासून धोका आहे असे न्यायालयाला पटेल त्याची शस्त्रे तात्पुरती काढून घेण्याची तरतूद झाली. टेक्सासमधील युवाल्डे येथे २४ मे २०२२ रोजी १९ बालके आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात अकरा वर्षांच्या एका मुलीने ध्वनिचित्रफितीद्वारे प्रतिनिधिगृहाच्या समितीला सांगितले, की वर्गमैत्रिणीचे रक्त अंगाला फासून आपण मेल्याचे सोंग घेतले. २५ जूनला जवळजवळ तीस वर्षांतला पहिला लक्षणीय संघीय कायदा झाला. या दोन घटनांत कार्यकारणभाव किती, हे सांगणे अवघड आहे. पण लोकप्रतिनिधींना जाग येण्यासाठी अकरा वर्षांच्या मुलीला तो प्रसंग पुन्हा जगावा लागतो, या व्यवहारात कोठेतरी भयंकर खोट आहे.

येथे मला या सगळ्या कथेतली विषमता दाखवावीशी वाटते. ज्यांचा आवाज ऐकला गेला, ते कोण होते? अध्यक्षांचे वृत्तसचिव, काँग्रेसच्या सदस्या, सुखवस्तू उपनगरातील शाळेची मुले. पार्कलंडच्या मुलांच्या शाळेत वक्तृत्व आणि नाट्य यांचे शिक्षण होते. घरी वकील, डॉक्टर, वृत्तपत्रांची ओळख होती. त्यांच्या धैर्याला यामुळे जरासुद्धा उणेपणा येत नाही, आणि ही गोष्ट त्या मुलांनीच आधी बोलून दाखवली. शिकागोच्या काळ्या मुलांना त्यांनी आपल्याबरोबर व्यासपीठावर घेतले. परंतु अमेरिकेतील बंदुकीच्या हत्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येच्या हिशेबात गोऱ्यांच्या दहापटींहून अधिक आहे. शिकागो, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर या शहरांत दर आठवड्याला जे तरुण गोळी लागून रुग्णालयात येतात, त्यांच्यासाठी छायाचित्रकार येत नाहीत. पोलीस येतात, आणि पहिला प्रश्न विचारतात, तू काय केले होतेस?

डॉ. जॉन रिच यांनी बोस्टनच्या रुग्णालयात अशा तरुणांच्या खाटेशेजारी बसून त्यांचे बोलणे टिपून घेतले. 'राँग प्लेस, राँग टाइम' हे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये निघाले. या मुलांच्या हातात नंतर बंदूक का येते, याचे उत्तर त्यांना गुन्हेगारी वृत्तीपेक्षा भीतीत आणि निद्रानाशात सापडले. टाके घातले, पट्टी केली, आणि ज्या कोपऱ्यावर गोळी लागली त्याच कोपऱ्यावर मुलाला परत पाठवले. मग तो काय करणार? हे ऐकून घ्यायला कोणी डॉक्टर बसेपर्यंत ही माहिती कोणत्याही अहवालात नव्हती.

पैशाच्या बाबतीतही तीच कथा. अमेरिकेत गुन्ह्यांतील पीडितांसाठी १९८४ च्या कायद्याने संघीय निधी उभारलेला आहे. तो करातून येत नाही, गुन्हेगारांच्या दंडातून येतो, ही कल्पना मला तरी न्याय्य वाटते. त्यातून राज्यांच्या भरपाई योजनांना पैसा मिळतो. पण अटी पाहा. आधी पदरचा खर्च करा आणि पावत्या जोडा. दुसरीकडून काहीच मिळत नाही असे दाखवा. पोलिसांना सहकार्य केल्याचे सिद्ध करा. आणि या गुन्ह्यात तुमचा स्वतःचा काही हातभार नव्हता, असे अधिकाऱ्याला पटवा. शेवटची अट अशी लवचीक, की मोहल्ला, मित्र, जुना गुन्हा, कशावरूनही अर्ज फेटाळता येतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये २३ राज्यांची माहिती तपासली. त्यांपैकी १९ राज्यांत कृष्णवर्णीय अर्जदारांना प्रमाणाबाहेर नकार मिळत होता. ज्याच्याजवळ शंभर डॉलर शिल्लक नाहीत, त्याला आधी खर्च करून मग पावती जोडायला सांगणे म्हणजे त्याला दाराबाहेर उभे करणेच. आपल्याकडे वैद्यकीय खर्चाच्या परतफेडीसाठी कचेरीत चकरा मारलेल्या कोणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल.

म्हणून जखमींना 'आवाज मिळवून द्यायचा' असे जे म्हटले जाते, ते मला अपुरे वाटते. बोलायला आधी दोन वेळचे जेवण, औषध आणि सुरक्षित छप्पर लागते. ज्याला घरभाड्याची विवंचना आहे, तो समितीपुढे साक्ष द्यायला वॉशिंग्टनला जात नाही.

या बाबतीत मुंबईचे उदाहरण जवळचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदुकीच्या गोळ्यांनी सर्वाधिक बळी घेतले. तेथे पायात गोळी लागलेली, दहा वर्षांचीही नसलेली एक मुलगी २००९ च्या जूनमध्ये कुबडीच्या आधाराने विशेष न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखले. सरकारी पक्षाला त्या आवाजाची गरज होती, आणि तो आवाज डळमळला नाही. तिचे कौतुक झाले, सत्कार झाले. पुढे शाळेत तिला कसाबच्या नावाने चिडवले गेले. आश्वासन मिळालेल्या घरासाठी मोठेपणी तिला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. डिसेंबर २००९ च्या अखेरीस आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांच्या भरपाईचे ३५७-अ हे कलम लागू झाले; आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे. त्याखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे किती जखमींना कोणी सांगितले असेल? साक्षीचे समन्स घरपोच येते. भरपाईची माहिती तशी येत नाही.

आवाज उठविण्याची स्वतंत्र किंमतही असते. न्यूटाउनची घटना घडलीच नाही, मृत मुलांचे आईबाप हे भाड्याने आणलेले नट आहेत, असा अपप्रचार ॲलेक्स जोन्स या रेडिओ-वक्त्याने वर्षानुवर्षे केला. त्याच्या चाहत्यांनी या पालकांना इतके छळले की काहींना घरे बदलावी लागली. २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. जोन्सने दिवाळखोरी जाहीर केली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील ऐकण्यास नकार दिला. याच न्यूटाउनच्या नऊ कुटुंबांनी मात्र २०२२ मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या विमेदारांकडून ७ कोटी ३० लाख डॉलर घेऊन तडजोड केली. उत्पादकाला संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यातील फट त्यांच्या वकिलांनी जाहिरातीच्या मुद्द्यावर शोधली होती. पैशाबरोबर कंपनीची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध करण्याची अट त्यांनी घातली. ही अट मला रकमेहून मोलाची वाटते.

जखमींचे ऐकायचे, तर त्यांचा निष्कर्ष आपल्या मनाजोगाच असला पाहिजे, अशी अट घालता येत नाही. टेक्सासमधील एका उपाहारगृहात १६ ऑक्टोबर १९९१ रोजी २३ जण मारले गेले. त्यांत सुझाना हप यांचे आईवडील होते. त्यांचे स्वतःचे पिस्तूल राज्याच्या तत्कालीन कायद्यामुळे गाडीत राहिले होते. त्या पुढे आमदार झाल्या आणि नागरिकांना शस्त्र बाळगू देण्याच्या हक्कासाठी आयुष्यभर झगडल्या. २०१७ मध्ये गोळी लागून मरणाच्या दारातून परतलेले प्रतिनिधी स्टीव्ह स्कॅलीस यांनीही आपले बंदूकवादी मत बदलले नाही. मला हप यांचा तर्क पटत नाही. उपाहारगृहातील दहा जणांजवळ पिस्तुले असती तर त्या गोंधळात गोळ्या कोणाला लागल्या असत्या, हे सांगता येत नाही. परंतु त्यांची साक्ष गाळून केलेला हिशेबही खोटाच ठरेल. साक्षीदार दुःख सांगतो. धोरण ठरवायला त्या साक्षीच्या जोडीला नोंदी, तुलना आणि संशोधन हवे, आणि नेमके तेच १९९६ मध्ये बंद पाडले गेले होते.

प्रत्यक्ष आधाराचे काम कोठे नीट चालले असेल, तर ते रुग्णालयांच्या खाटांजवळ. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात १९९४ मध्ये एक उपक्रम सुरू झाला. गोळी लागून अपंग झालेल्या एका तरुणाची ही कल्पना. आपण रुग्णालयात पडलो होतो तेव्हा आपल्याशी बोलायला आपल्यासारखे कोणी नव्हते, एवढ्या अनुभवावरून ती निघाली. त्याच वस्तीतला, असल्या प्रसंगातून गेलेला मनुष्य जखमीच्या उशाशी येऊन बसतो. सूड घ्यायला निघालेल्या मित्रांना थोपवतो. मग भरपाईचा अर्ज भरून देतो, पोलिसांच्या कागदाची नक्कल मिळवतो, घर बदलायला, शाळेत परत जायला, व्यंगोपचाराची वेळ ठरवायला मदत करतो. कारकुनी म्हणावी अशीच बरीचशी कामे आहेत ही. त्यानंतर असे उपक्रम अनेक शहरांतील रुग्णालयांत निघाले. येथे जखमी मनुष्य सभेपुढे उभा केलेला नमुना राहत नाही. तो दुसऱ्या जखमीचा वाटाड्या होतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो.

अडचण त्या पगाराचीच आहे. २०२२ च्या संघीय कायद्याने अशा कामांसाठी २५ कोटी डॉलर राखून ठेवले. २०२३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये या प्रश्नाचे स्वतंत्र कार्यालय उघडले. सत्ताबदलानंतर जानेवारी २०२५ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्याय खात्याने या क्षेत्रातील कोट्यवधी डॉलरची अनुदाने मुदत संपण्याआधीच रद्द केली, आणि कित्येक संस्थांना माणसे कमी करावी लागली. अनुदान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कनेक्टिकट आणि इलिनॉय या राज्यांनी २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या सरकारी आरोग्य-विमा योजनेतून या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या कामाचे पैसे देता यावेत, असा कायदा त्यांनी केला. आणखी काही राज्ये त्यांच्या मागोमाग गेली. शस्त्रक्रिया, क्ष-किरण आणि औषधे यांच्याच यादीत या राज्यांतील रुग्णालयांना आता जखमीशी बोलायला येणाऱ्या माणसाचे तासही लावता येतात.